दरजा भरायच्या की मोकळ्या ठेवायच्या: एका बारवेच्या निधीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण परभणी-हिंगोली पट्ट्यातील सुमारे साडेतीन हजार वस्तीच्या एका गावाचे आहे. गावाचे व माणसांचे नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. त्या काळात मी जवळच्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात इतिहास शिकवीत होतो, आणि ग्रामपंचायत व शासकीय यंत्रणा यांच्यातील पत्रव्यवहाराचे बरेचसे मसुदे माझ्या हातचे होते. त्यामुळे ही नोंद पूर्णपणे तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही.

गावाच्या पूर्वेस महादेवाच्या जुन्या देवळापुढे घडीव काळ्या दगडाची एक बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. तिच्यात उतरायला तीन बाजूंनी पायऱ्या आहेत. एका वाटेची बारव नंदा, दोन वाटांची भद्रा, तीन वाटांची जया आणि चार वाटांची विजया, या जुन्या वर्गवारीप्रमाणे ही जया ठरते. भिंतींत देवकोष्ठे, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे, आहेत आणि त्यांतील बहुतेक रिकामी आहेत. चारठाण्याची बारव किंवा अंबडची पुष्करणी पाहिलेल्याला हिची घडण ओळखीची वाटेल; मात्र ही आडबाजूला असल्याने मुद्दाम वाट वाकडी केल्याशिवाय कोणी तिथे पोहोचत नाही. या प्रकरणाच्या दृष्टीने तिची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्या भिंती कोरड्या रचलेल्या आहेत. चिऱ्यावर चिरा बसवला आहे, मध्ये चुना नाही की दुसरा कोणता मसाला नाही.

बारव वापरातून गेली तेव्हा गावाला वारशाची जाण नव्हती, असे स्पष्टीकरण आमच्या भागात सर्रास दिले जाते आणि सुरुवातीला मीही तेच देत असे. गावातील वयस्क बायकांशी बोलल्यावर ते मला मागे घ्यावे लागले. त्यांच्या आठवणीतील बारव नारूची होती. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की त्याच्या पायाच्या फोडातून जंताच्या अळ्या पाण्यात जातात, पाण्यातील सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जीव त्या गिळतात, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याला साधारण वर्षभराने नारू होतो. माणूस थेट पाण्यापर्यंत उतरतो अशी पायऱ्यांची विहीर म्हणजे या चक्राची हक्काची जागा होती. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर व हातपंप आले, 1983-84 मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आणि पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिऊ नका हे सांगायला आरोग्य कर्मचारी दारोदार फिरले. त्यांचे सांगणे योग्यच होते. 2000 साली भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला त्यात या सांगण्याचा मोठा वाटा आहे. परंतु बारवेबद्दलचे वाईट मत त्यातून मनात बसले ते कायमचे. एका आजींनी ग्रामसभेत हे एका वाक्यात सांगितले, “बारवंत पाय घालू नका म्हनून माझ्या सासूला सरकारनंच सांगितलं, आन् आता सरकारच म्हनतंय बारव जपा.” या वाक्यावर सभेत हशा पिकला, पण उत्तर कोणाकडे नव्हते.

पाठ फिरवल्यानंतरचे सगळे ठरलेल्या वाटेनेच झाले. आधी केरकचरा, मग जुन्या घरांचा राडारोडा, मग पिंपळ. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात गावातील काही तरुणांनी गाळ काढायला सुरुवात केली होती, पण पाऊस लागताच ते काम थांबले.

अडचण

काही वर्षांनी, ऑगस्टच्या ग्रामसभेत, सरपंचबाईंनी बारवेचा विषय पुन्हा घेतला. उत्तरेच्या भिंतीने पोट काढले होते आणि पिंपळाच्या मुळांनी वरचे दोन थर उचलले होते. आणखी दोन पावसाळे भिंत टिकेल असे कोणाला वाटत नव्हते. पैसा लागणार हे उघड होते. तो कोठून आणायचा, या प्रश्नातून पुढचे सगळे निघाले.

जिल्हा वार्षिक योजनेतील 3 टक्क्यांपर्यंत निधी गडकिल्ले, मंदिरे व महत्त्वाची संरक्षित स्मारके यांच्या संवर्धनासाठी वापरता येतो. आमची बारव केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही संरक्षित यादीत नव्हती, त्यामुळे त्या दारातून आत जाणे अवघड होते. मग कोणी तरी सोपी वाट दाखवली. महादेवाच्या देवळाला जिल्हा नियोजन समितीकडून ‘क’ वर्ग यात्रास्थळाचा दर्जा मिळवायचा आणि बारव देवळाच्या परिसर विकासात घालायची. डिसेंबरात 24 लाखांच्या कामाला प्रशासकीय मान्यता मिळाली, गावात पेढे वाटले गेले, आणि आठवडाभराने अंदाजपत्रकाची प्रत हाती आली.

त्यात 15 लाख बाहेरच्या परिसराचे होते: पेव्हर ब्लॉक, संरक्षक भिंत, स्टेनलेस स्टीलचे कठडे, हायमास्ट दिवा. उरलेले 9 लाख बारवेच्या आतले, आणि त्यात गाळ काढणे, दगडी बांधकामाच्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, सिमेंटच्या मसाल्याने भरणे, तळाला काँक्रीट करणे आणि मध्यभागी एक रंगीत कारंजे अशा बाबी होत्या.

या यादीमागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. अंदाजपत्रक शासकीय दरसूचीवरून तयार होते, आणि यात्रास्थळाच्या कामांसाठी हाताशी असलेल्या दरसूचीत सिमेंटने दरजा भरण्याचा दर तयार असतो. कोरड्या रचाईची भिंत उतरवून पुन्हा रचण्याचा दर हवा असेल तर स्वतंत्र दरपृथक्करण, म्हणजे त्या कामाचा दर नव्याने काढून दाखवणे, करावे लागते, त्याला वरून मान्यता घ्यावी लागते, आणि तोपर्यंत मार्च येतो. ज्याचा दर छापलेला आहे तेच काम होते. वारशाच्या कामांत खर्च होणारा बराच सरकारी पैसा या एका कारणाने वारशाच्या अंगावर जातो, असे माझे अनेक कामे पाहून झालेले मत आहे.

सिमेंटला विरोध शोभेच्या कारणाने नव्हता. बारवेच्या भिंतीमागची जमीन पावसाळ्यात पाण्याने भरते आणि ते पाणी चिऱ्यांमधल्या फटींतून आत झिरपते. बारव भरते ती त्यावरच. फटी सिमेंटने बंद केल्या की पाणी मागे तुंबते आणि भिंतीवर मागून दाब येतो. आधीच पोट काढलेली भिंत त्या दाबाने आणखी पुढे येते. म्हणजे दुरुस्तीच्या नावाने भिंत पाडण्याची व्यवस्था आणि विहीर कोरडी करण्याची व्यवस्था एकाच बाबीत झाली होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे ते स्वीकारणे. हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गावाला आजवर इतकी रक्कम एकरकमी कधी मिळाली नव्हती, आणि एकदा परत पाठवलेला निधी पुन्हा मिळत नाही हे उपसरपंचांचे म्हणणे अनुभवाचे होते.

दुसरा पर्याय बारव राज्य संरक्षित घोषित करून घेण्याचा. 1960 च्या राज्य अधिनियमाखाली प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने दिले जातात, मग अंतिम अधिसूचना. कागदावर हे सरळ दिसते, प्रत्यक्षात प्रस्ताव वर्षानुवर्षे फिरतात. शिवाय गावात भीती होती. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत नियंत्रण, ही 2010 च्या केंद्रीय दुरुस्तीची तरतूद लोकांनी वेरूळकडच्या पाहुण्यांकडून ऐकली होती. आमचा प्रस्ताव केंद्राच्या नव्हे, राज्याच्या कायद्याखालचा असणार हे सांगून काही उपयोग झाला नाही. बारवेलगत ज्यांची घरे होती त्यांना त्यांची पडवी वाढवायची होती, आणि त्यांची भीती मला अजूनही अवाजवी वाटत नाही.

तिसरा पर्याय सरकारी पैसा बाजूला ठेवून लोकवर्गणी व श्रमदानावर काम करण्याचा. तरुणांना तो आवडला, पण पोट काढलेली भिंत श्रमदानाने उतरवणे म्हणजे जिवाशी खेळ होता.

चौथा पर्याय अंदाजपत्रक दोन भागांत तोडण्याचा. बाहेरचे 15 लाख आणि गाळ काढण्याचे 2 लाख यांची निविदा लगेच काढायची, आणि आतल्या दुरुस्तीच्या 7 लाखांचे अंदाजपत्रक कोरड्या रचाईप्रमाणे नव्याने करून घ्यायचे. यात धोका एवढाच, पण मोठा, की 31 मार्चपूर्वी सुधारित मान्यता न मिळाल्यास 7 लाख समर्पित होणार, म्हणजे न खर्चता सरकारकडे परत जाणार.

निर्णयाचा दिवस

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बारवेच्या काठावरच बैठक झाली. मी तयारीने गेलो होतो. निजाम सरकारने 1914 साली पुरातत्त्व खाते स्थापन केले, गुलाम यझदानी त्याचे संचालक होते, आणि अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी त्या सरकारने 1920 ते 1922 या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना आणले. त्या काळचे उत्तम ज्ञान आणि भरपूर पैसा वापरून त्यांनी सुटणारा गिलावा सांधला, पण चित्रांवर लाखेचे रोगण चढवले. ते पुढे पिवळे पडले, आणि ते काढण्यात नंतरच्या पिढ्यांची वर्षे गेली. परत काढता न येणारी गोष्ट वारशाला लावू नये, हा मुद्दा मला आपल्याच मुलखातल्या उदाहरणाने पटवायचा होता. लोकांनी ते शांतपणे ऐकले. उपसरपंच म्हणाले, “सर, अजिंठ्याचं अजिंठ्यात. आमचे चोवीस लाख जाऊ देऊ नका.”

बैठक फिरवली ती एका वडार मामांनी. सत्तरीच्या पुढचे हे गृहस्थ विहिरी खोदण्यात आणि बांधण्यात आयुष्य घालवलेले. त्यांनी काठावर पडलेली तुऱ्हाटीची एक काडी उचलली, पश्चिमेच्या पायऱ्यांनी खाली उतरले, पाण्याच्या वर दोन थर सोडून एका फटीत ती हातभर आत सारली, क्षणभर थांबून बाहेर काढली आणि वर येऊन कनिष्ठ अभियंत्याच्या हातात दिली. काडीचे पुढचे टोक ओले होते आणि त्याला बारीक मऊ माती लागली होती. “जानेवारीतबी वलीच हाय. ही फट बुजवली तर पानी कुठून यील, सायेब?”

काडी हातोहात फिरली. अभियंता तरुण होता, समजदार होता, आणि त्याची अडचण खरी होती. तो म्हणाला, “मला दर दाखवा, मी लगेच उचलतो. दर नाही तर मी लिहू काय?” त्या दिवशी पाण्याच्या मुद्द्यावर चौथा पर्याय हात वर करून मान्य झाला. कलेचा, शिल्पाचा, यादवकाळाचा विषय त्या मतदानात कोणी काढला नाही, आणि मीही तो पुन्हा काढला नाही.

काय केले

पहिल्या पाच आठवड्यांतला बराच वेळ मालकीच्या प्रश्नाने खाल्ला. बारवेची जागा खासरा पत्रकात, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीत, देवस्थान इनाम म्हणून होती, सातबाऱ्यावर शेजारच्या शेतकऱ्याचे नाव लागलेले होते, आणि ना हरकत मिळेपर्यंत निविदा निघू शकली नाही. ती फेब्रुवारीच्या अखेरीस निघाली व काम सुरू झाले.

येथेच पहिली चूक झाली. अंदाजपत्रक तोडले, पण निविदेसोबतचा नकाशा जुनाच राहिला. कंत्राटदाराच्या माणसांनी त्या नकाशाप्रमाणे पूर्वेकडच्या वरच्या पायऱ्यांच्या दरजा दोन दिवसांत सिमेंटने भरल्या. तिसऱ्या दिवशी शाळेला जाणाऱ्या मुलांनी गुरुजींना सांगितले तेव्हा काम थांबले. सिमेंट छिन्नीने काढले, त्यात चार पायऱ्यांच्या कडा उडाल्या.

गाळ काढताना तळाजवळ महिषासुरमर्दिनीची एक भंगलेली मूर्ती निघाली. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी लागते, हा 1878 च्या निखात निधी अधिनियमाचा नियम मला माहीत होता आणि मी त्याप्रमाणे पत्र लिहिले. मंडळ अधिकारी दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला येईपर्यंत मूर्तीला शेंदूर लागला होता, साडीचोळी झाली होती आणि ती देवळात बसली होती. बायका ओट्यावर आरत्या म्हणत होत्या. मूर्ती वस्तुसंग्रहालयात जावी असे माझे मत होते आणि ते मी बोललो नाही. पंचनामा झाला, मापे व छायाचित्रे घेतली गेली, आणि मूर्ती देवळातच राहिली.

सुधारित अंदाजपत्रकाचे दरपृथक्करण अभियंत्याने खरोखर केले. जवळच्या एका संरक्षित देवळाच्या दुरुस्तीतील दरांचा आधार त्याने शोधून काढला. कागद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वर गेला आणि शेरा मारून परत आला. 31 मार्चच्या रात्री 7 लाख समर्पित झाले. उपसरपंचांनी मला फोन केला नाही, हेच पुरेसे बोलके होते.

मग एप्रिलमध्ये लोकवर्गणी काढली. नारूच्या आठवणी सांगणाऱ्या आजींनी पाचशे रुपये दिले आणि पाणी भरले की पहिला हंडा आपण देवाला नेणार, असे नोंदवून घ्यायला लावले. 1 लाख 80 हजार जमले. त्यात वडार मामांच्या हाताखाली सहा माणसांनी मे महिन्यात उत्तरेची भिंत उतरवली. प्रत्येक चिऱ्यावर क्रमांक घातला, छायाचित्र काढले, चिरे लिंबाखाली ओळीने मांडले. मागची माती व मुळे काढून तेथे पाणी वाहून जाईल अशी दगडगोट्यांची भरण केली आणि चिरे किंचित मागे झुकवून, पाचरी मारून पुन्हा बसवले. क्रमांक कशाने घालायचे यावर वाद झाला होता. ऑइलपेंट दगडावरून निघत नाही म्हणून मी चुन्याचा आग्रह धरला. मेच्या मध्यावर वळवाचा मोठा पाऊस आला आणि लिंबाखालच्या निम्म्या चिऱ्यांवरचे क्रमांक धुऊन गेले.

निष्पत्ती

भिंत उभी आहे. त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात फटींतून पाणी येताना दिसले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये, जेव्हा बारव एरवी कोरडी असे, तळाच्या सात पायऱ्या पाण्यात होत्या. ते पाणी पिण्यासाठी वापरायचे नाही असा ठराव आहे. जनावरे, देवळाची झाडे आणि धुणे यांसाठी बाहेरच्या हौदात ते उपसले जाते, पाण्यात कोणी उतरत नाही. आजींच्या सुनेने हा ठराव मांडला. मोटार टाकण्यास बंदी आहे, तरी एका शेतकऱ्याची रात्रीची मोटार दोनदा पकडली गेली.

बाहेरचे 15 लाख नियमाप्रमाणे खर्च झाले. पेव्हर ब्लॉकचा उतार बारवेकडे राहिल्याने रस्त्याचे सांडपाणी पहिल्याच पावसात पायऱ्यांवर आले आणि ग्रामपंचायतीला कडेने चर खणावा लागला. हायमास्ट दिवा चार महिनेच पेटला. वीजबिल कोणी भरायचे हे कोणत्याच मान्यतेत लिहिलेले नव्हते.

महाशिवरात्रीला तरुणांनी बारवेत दिवे लावले. आसपासच्या गावांतून लोक आले, छायाचित्रे सर्वत्र फिरली, आणि त्याच आठवड्यात तालुक्यातील आणखी दोन गावांनी माझ्याकडे अंदाजपत्रकाची प्रत मागितली. दिव्यांच्या तेलाचे डाग मात्र देवकोष्ठांत अजून आहेत.

काय वेगळे करता आले असते

दरपृथक्करण ऑगस्टमध्येच, प्रस्तावासोबत, करून घ्यायला हवे होते. आम्ही निधीच्या मागे होतो आणि निधी आल्यावर काम ठरवू असे धरून चाललो. संवर्धनाच्या कामात हा क्रम घातक आहे, कारण निधीचा शीर्ष ठरला की कामाची यादी जवळजवळ ठरलेलीच असते. ‘यात्रास्थळ’ या शब्दाखाली पेव्हर ब्लॉक येणारच. संरक्षणाचा प्रस्ताव लांबतो म्हणून आम्ही तो सुरूच केला नाही, हेही चुकले. तो त्या ऑगस्टमध्ये पाठवला असता तर आज निदान कोठे तरी अर्ध्या वाटेवर असता. पडवी वाढवणाऱ्या घरांशी त्याबद्दल बसून बोलण्याचा कंटाळा मी केला.

अंदाजपत्रक बदलले की नकाशा बदलला आहे का, हे पाहण्याचे काम कोणाचे, हे लेखी ठरवायला हवे होते. चार पायऱ्यांच्या कडा त्या एका कागदाने गेल्या.

मूर्तीबद्दल माझे मत मला अजून ठरवता आलेले नाही. शेंदराच्या थराखाली तिची घडण झाकली जाते आहे हे मला दिसते. तिला रोज दिवा लागतो, कोणी हात लावायला धजत नाही आणि ती चोरीला जाण्याची शक्यता कमी आहे, हेही दिसते. पंचनाम्याच्या दिवशी मी निदान माझे म्हणणे मांडायला हवे होते; लोकांनी ते नाकारले असते तरी नोंद राहिली असती.

आणि क्रमांकांसाठी चिऱ्यांना तारेने पत्र्याच्या चकत्या बांधाव्यात, हे वडार मामांनी मे महिन्यातच सुचवले होते. भिंत रचून झाली तेव्हा 17 चिरे उरले. कोठले ते सांगता येईना. छायाचित्रांवरून 5 ओळखू आले आणि पुढच्या उन्हाळ्यात जागेवर गेले. उरलेले 12 लिंबाखाली ओळीने आहेत, आणि संध्याकाळी देवळात येणाऱ्या बायका त्यांच्यावर बसतात.